विन स्कली: एका रेडिओ कॉमेंटेटरवर लोकांचा एवढा जीव का?

पहिला_बेस

नमस्कार मंडळी. इथे मी नेहमी वाचत असतो, लिहितो कमी. बेसबॉलचे नियम आता बऱ्यापैकी कळायला लागलेत, त्यामुळे जुनं काय काय शोधून वाचतोय, आणि त्यात एक नाव सारखं समोर येतं, विन स्कली, लॉस एंजेलिस डॉजर्स या टीमचे कॉमेंटेटर. डॉजर स्टेडियमचा पत्ता बघितला तर १०००, विन स्कली अव्हेन्यू. म्हणजे ज्या मैदानावर सँडी कोफॅक्स आणि फर्नांडो वालेन्झुएला यांच्यासारखे पिचर (बॉल टाकणारे) खेळले त्याच्या पत्त्यात नाव कॉमेंटेटरचं! २०१६ साली ओबामांनी त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं. २ ऑगस्ट २०२२ ला ते गेले, त्या रात्री डॉजर्सची मॅच सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मैदानावर होती, म्हणजे कट्टर वैऱ्यांच्या घरी, तर तिथल्या स्कोअरबोर्डवरसुद्धा त्यांना श्रद्धांजली दिली.

माझे प्रश्न असे आहेत. ज्यांनी त्यांना ऐकलंय त्यांनी सांगा की त्या आवाजात नेमकं होतं काय. दुसरं म्हणजे, ६७ सीझन एकाच टीमची नोकरी केलेला माणूस बाकीच्या टीमच्या लोकांनाही आपला कसा वाटतो? आणि सुरुवात कुठल्या रेकॉर्डिंगपासून करू? रेडिओचंच हवंय, व्हिडिओ नको.

---

एलए_कर

वा, विषय काढलास ते बरं केलंस! मी लॉस एंजेलिसमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि गाडीत स्कलींचा आवाज लागलेला असणं हे इथलं रोजचंच होतं, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी हे लक्षात घे की डॉजर्स मुळात लॉस एंजेलिसचे नाहीतच. ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे, १९५८ मध्ये मालक वॉल्टर ओमॅली टीम उचलून इकडे घेऊन आला. इथल्या लोकांना मेजर लीग बेसबॉल नवीन, स्वतःचं स्टेडियम बांधून व्हायचं होतं (ते १९६२ ला सुरू झालं) म्हणून पहिले चार सीझन कोलिसियममध्ये खेळवले. कोलिसियम म्हणजे ऑलिम्पिक झालेलं अवाढव्य मैदान, नव्वद हजारांवर लोक मावतील एवढं, पण बेसबॉलसाठी अजिबात सोयीचं नाही. मागच्या रांगांमध्ये बसलेल्याला पिचर म्हणजे एक ठिपका, बॉल तर दिसायचाच नाही. मग लोकांनी काय करावं, तर येताना सोबत ट्रान्झिस्टर आणायला लागले. डोळ्यांसमोर मॅच चालू आहे आणि कानाला रेडिओ! एकाने नाही, हजारोंनी. इतके रेडिओ की मैदानातून चालत गेलं तरी स्कलींचं एक वाक्य चुकायचं नाही.

आणि गंमत ऐक. १९६० मध्ये एका मॅचच्या वेळी स्कलींच्या लक्षात आलं की अंपायर फ्रँक सेकोरीचा आज वाढदिवस आहे. त्यांनी रेडिओवरून मैदानातल्या लोकांना सांगितलं, मी तीनपर्यंत मोजतो, तीन म्हटलं की सगळ्यांनी मिळून हॅपी बर्थडे फ्रँक ओरडायचं. एक, दोन, तीन, आणि खरंच अख्खं स्टेडियम ओरडलं! खाली अंपायर बघतच राहिला. मला वाटतं त्या दिवशी लोकांना कळलं की हा माणूस आपल्याशी बोलतोय आणि स्कलींनाही कळलं की किती जण ऐकतायत.

अजून एक कारण होतं. ओमॅली घरच्या मॅचेस टीव्हीवर दाखवायचाच नाही, तिकिटं खपायला हवी ना. सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळायचे तेवढ्याच दाखवायचा. म्हणजे बाकी सगळा सीझन रेडिओवर. संध्याकाळी ऑफिसातून गाड्या निघाल्या की प्रत्येक गाडीत तोच आवाज, घरोघरी तोच. एका शहराने बेसबॉल शिकून घेतला तो एका माणसाच्या तोंडून. रस्त्याला नाव का, याचं माझं उत्तर हे आहे.

---

नववी_इनिंग

रेकॉर्डिंगचं मी सांगते. ९ सप्टेंबर १९६५, डॉजर्स विरुद्ध शिकागो कब्ज, सँडी कोफॅक्सचा परफेक्ट गेम, नववी इनिंग. दुसरं काही ऐकू नकोस, आधी हे ऐक. टीव्हीवर ही मॅच नव्हतीच, त्यामुळे जे काही उरलंय ते या आवाजात उरलंय.

परफेक्ट गेम म्हणजे समोरचे २७ बॅटर आले आणि २७ आउट झाले, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. त्या दिवशी कब्जचा पिचर बॉब हेंडलीने पण कमाल केली होती, त्याने अख्ख्या मॅचमध्ये एकच हिट (बॅटरला बेसपर्यंत नेणारा फटका) दिला. स्कोअर १-०, आणि तो एक रनसुद्धा हिटवर आलेला नाही, वॉक (चार बॉल बाहेर पडले म्हणून फुकट मिळालेला बेस), बंट (बॉल हळूच टोलवणं), चोरलेला बेस आणि कॅचरचा चुकीचा थ्रो. म्हणजे किती ताणलेली मॅच असेल बघ.

आता स्कली काय करतात ते सांगते. सुरुवातीलाच ते तारीख सांगतात. रेडिओवर मॅच चालू असताना आजची तारीख कोण सांगतं? पण त्यांच्या डोक्यात असं होतं की ही टेप कोफॅक्सकडे आयुष्यभर राहील, तर त्याला त्यात दिवस आणि वेळ ऐकायला मिळायला हवी. मग मधेमधे घड्याळ सांगतात. पिचरचा माउंड (तो उभा राहतो तो उंचवटा) ही या क्षणी जगातली सगळ्यात एकाकी जागा असेल असं म्हणतात. आणि मग बारीक बारीक गोष्टी, कोफॅक्सने टोपी काढली, काळ्या केसांतून बोटं फिरवली, टोपी परत घातली, तिची कड नीट केली. बॉल टाकायच्या आधीचे हे सेकंद, यात खेळ म्हणावा असं काहीच घडत नाहीये, पण तुमचा श्वास अडकतो. मैदानात २९ हजार लोक आणि दहा लाख फुलपाखरं आहेत असं एक वाक्य येतं, इंग्लिशमध्ये पोटात गोळा आला की फुलपाखरं म्हणतात, त्यावरून. हे लिहून आणलेलं नाहीये बरं का, जागच्या जागी सुचलेलं आहे!

शेवटचा बॅटर हार्वी कीन, दोन बॉल दोन स्ट्राइक (तिसरी स्ट्राइक झाली की स्ट्राइकआउट), घड्याळात ९ वाजून ४६ मिनिटं. कीनने बॅट फिरवली, हुकली, परफेक्ट गेम. आणि मग स्कली गप्प बसतात, ३८ सेकंद! नुसता लोकांचा आवाज. त्यानंतर परत वेळ सांगतात, शहराचं नाव सांगतात, आणि मग शेवटचं वाक्य: ज्याचं नाव घेतलं की स्ट्राइकआउट आठवतात त्या कोफॅक्सने शेवटच्या सहाही बॅटर्सना स्ट्राइकआउट केलं, तेव्हा रेकॉर्ड बुकात त्याने आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं तर त्यातला के बाकीच्या अक्षरांपेक्षा जास्त उठून दिसेल. स्कोअरबुकात स्ट्राइकआउटची खूण के असते, हे माहीत असलं की या वाक्यावर काटा येतो अंगावर.

मी हे कितीही वेळा ऐकलं तरी कीनला दोन स्ट्राइक झाल्या की हातातलं काम थांबतंच.

---

जुना_श्रोता

वर दोघांनीही छान लिहिलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, परके लोक का प्रेम करायचे ते. त्यासाठी त्यांच्या गुरूपासून सुरुवात करायला लागेल, रेड बार्बर.

स्कलींचा जन्म १९२७ चा, ब्रॉन्क्सचा, वाढले मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये. फोर्डहॅम युनिव्हर्सिटीत शिकले, तिथल्या बेसबॉल टीममध्ये सेंटर फिल्डला खेळायचे आणि तिथलं कॉलेज रेडिओ स्टेशन उभं करण्यातही ते होते. बार्बर तेव्हा सीबीएस रेडिओच्या स्पोर्ट्सचा प्रमुख आणि ब्रुकलिन डॉजर्सचा आवाज. १९४९ मध्ये एका अमेरिकन फुटबॉल मॅचला माणूस कमी पडला म्हणून त्याने या नवख्या पोराला बॉस्टनला पाठवलं, फेनवे पार्कवर. स्कलींना वाटलं बूथ (कॉमेंट्रीची बंद खोली) मिळेल, म्हणून कोट हॉटेलवरच ठेवून गेले. गेल्यावर कळलं बूथ वगैरे काही नाही, छपरावर उभं राहून करायचंय. कडाक्याची थंडी, हातात मायक्रोफोन आणि भली लांब वायर, खेळ जिकडे जाईल तिकडे हा पोरगा छपरावरून धावतोय. पण ऐकणाऱ्याला त्याने एका शब्दाने कळू दिलं नाही की मी कुडकुडतोय. बार्बरला ही गोष्ट नंतर बॉस्टनच्या लोकांनी माफी मागितली तेव्हा समजली, आणि माणूस त्याच्या मनात भरला. पुढच्याच वर्षी, १९५० ला, स्कली डॉजर्सच्या बूथमध्ये.

बार्बर फार कडक माणूस. लवकर ये, तयारी करून ये, टीमचा चाहता होऊ नकोस. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली, दुसऱ्यांची कॉमेंट्री ऐकत बसू नको, कारण बूथमध्ये दुसरं कोणी आणू शकत नाही अशी एकच गोष्ट तुझ्याकडे आहे, ती म्हणजे तू स्वतः. स्कलींनी हे आयुष्यभर धरून ठेवलं. डॉजर्सना कधी आपण, आम्ही असं म्हणाले नाहीत. समोरच्या टीमच्या बॅटरबद्दल सुद्धा तेवढ्याच आस्थेने सांगायचे, तो कुठला, त्याचे वडील काय करायचे, पोरगा इथवर कसा आला.

१९५३ मध्ये बार्बरचं स्पॉन्सरशी मानधनावरून बिनसलं, तेव्हा वर्ल्ड सिरीजची (सीझनच्या शेवटच्या विजेतेपदाच्या मॅचेसची) कॉमेंट्री स्कलींकडे आली, वय २५, तोपर्यंतचा सगळ्यात तरुण. १९५५ ला ब्रुकलिनने पहिली आणि एकमेव वर्ल्ड सिरीज जिंकली. अख्खं ब्रुकलिन कित्येक वर्षं ज्याची वाट बघत होतं तो क्षण, आणि स्कली एवढंच म्हणाले की सभ्य स्त्रीपुरुषहो, ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते आहेत. बस. नंतर लोक विचारायचे की एवढे शांत कसे राहिलात, तर म्हणाले, अजून एक शब्द बोललो असतो तर रडलो असतो.

---

पहिला_बेस

आभार सगळ्यांचे!! कोफॅक्सची नववी इनिंग ऐकली आत्ताच. हेडफोन लावून ऐकली आणि संपल्यावर थोडा वेळ काही लावावंसंच वाटलं नाही. पण त्या ३८ सेकंदांबद्दल विचारायचंय. रेडिओवर शांतता म्हणजे धोकाच ना, माणसाला वाटेल स्टेशन बंद पडलं. हे धाडस कुठून आलं? आणि नेहमी एकटेच असायचे का बूथमध्ये, दुसरा आवाज ऐकूच येत नाही.

---

एलए_कर

शांततेचं मूळ लहानपणात आहे, ते स्वतःच सांगायचे. घरात चार पायांचा मोठा रेडिओ होता, शाळकरी वयात ते त्याच्या खाली उशी घेऊन आडवे व्हायचे, सोबत दूध आणि क्रॅकर्स. ऐकायचे काय तर कॉलेज फुटबॉल, आणि तेही लांबच्या कुठल्यातरी राज्यातलं, ज्या टीमशी यांचा काडीचा संबंध नाही. त्यांना आवडायचा तो गर्दीचा आवाज. वरून स्पीकरमधून तो आवाज अंगावर कोसळायचा आणि त्यांना वाटायचं, आपण तिथे असायला पाहिजे. पुढे स्वतःच्या हातात माईक आला तेव्हा मोठा क्षण आला की ते बाजूला व्हायचे आणि ऐकणाऱ्याला तोच आवाज द्यायचे. म्हणून ती जागा रिकामी वाटत नाही, तू परत ऐकून बघ.

एकटे असण्याबद्दल. हो, डॉजर्सच्या मॅचला ते ज्या इनिंग करायचे त्या एकट्याने. त्यांचं म्हणणं, बूथमध्ये दोघं असले की ते एकमेकांशी बोलतात आणि ऐकणारा बाहेर राहतो. एकटा असला की बोलायला दुसरं कोण आहे, तूच. बेसबॉलमध्ये दोन बॉलच्या मधे भरपूर मोकळा वेळ असतो आणि त्या वेळात ते गोष्ट सांगायला घ्यायचे. जायंट्सचा पिचर मॅडिसन बमगार्नर आणि त्याची बायको यांना एक मोठा साप दिसला, याने कुऱ्हाडीने मारला, बायकोने बघितलं तर सापाच्या पोटात सशाची पिल्लं, त्यातलं एक जिवंत, ते त्यांनी घरी नेऊन जगवलं. ही गोष्ट स्कली सांगतात तो बमगार्नर प्रत्यक्ष समोर पिचिंग करत असताना! कुऱ्हाड वर गेली की मधेच एक स्ट्राइक, साप कापला की मधेच फाउल बॉल, आणि एकही बॉल न चुकवता गोष्ट पूर्ण. शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या माणसाने गप्पा माराव्यात तसं वाटायचं.

---

मधली_फळी

शांततेची अजून दोन उदाहरणं देते, दोन्ही जरूर ऐकावीत अशी.

८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक ॲरनने ७१५ वा होम रन मारला आणि बेब रूथचा ७१४ चा रेकॉर्ड मोडला. पिचर डॉजर्सचा अल डाउनिंग, म्हणून स्कली रेडिओवर होते. ॲरनला त्या काळात जिवे मारायच्या धमक्यांची पत्रं येत होती, एका गोऱ्या हिरोचा रेकॉर्ड काळ्या माणसाने मोडायचा नाही म्हणून. बॉल कुंपणापलीकडे गेला, स्कली तेवढं सांगून थांबले, फटाके आणि लोकांचा जल्लोष चालू दिला. आणि मग परत बोलायला लागल्यावर आकडेवारी वगैरे काही नाही, म्हणाले की केवढा विलक्षण क्षण आहे हा, डीप साउथमध्ये (वर्णभेदाचा इतिहास असलेल्या दक्षिणेत) एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. १९७४ मध्ये लाइव्ह रेडिओवर, कागद समोर नसताना हे नेमकं बोलणं, मला यात त्यांचं मन दिसतं. खेळ सोडून भलतंच काहीतरी बोलले असं कोणाला वाटलं नाही कारण त्या रात्री खेळ तोच होता.

दुसरं १९८८ च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, हे मात्र टीव्हीवरचं आहे, एनबीसीवर. कर्क गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले. स्कलींनी मॅचमध्ये सांगून टाकलं की तो आज काही खेळणार नाही. गिब्सन आत ट्रेनरच्या खोलीत टीव्हीवर ते ऐकत होता आणि ते ऐकूनच उठलो असं तो स्वतः सांगतो! नववी इनिंग, दोन आउट, डॉजर्स ३-४ ने मागे, समोर डेनिस एकर्स्ली, आणि लंगडत आलेल्या गिब्सनने होम रन मारून मॅच संपवली. स्कली बॉल गेला एवढं म्हणाले आणि मग एक मिनिटाहून जास्त वेळ एक शब्द नाही. त्यानंतरचं वाक्य अमेरिकेत आजही लोकांना पाठ आहे, की ज्या वर्षात सगळं अशक्यप्राय घडत आलं त्या वर्षात आता अशक्यच घडलंय.

---

टायगर_१९८४

सगळं मान्य, पण स्कलींच्या कौतुकात डेट्रॉइट टायगर्सचा कॉमेंटेटर अर्नी हार्वेलला विसरू नका, मी डेट्रॉइटकडचा असल्यामुळे लिहितोय. आणि या दोघांचा संबंध आहे! १९४८ मध्ये ब्रुकलिनला हार्वेल हवा होता, तो अटलांटाच्या टीमच्या करारात, तर त्याच्या बदल्यात ब्रुकलिनने क्लिफ डॅपर नावाचा कॅचर दिला. कॉमेंटेटरच्या बदल्यात खेळाडू, हे बेसबॉलमध्ये एकदाच झालंय. पुढे १९४९ चा सीझन संपल्यावर हार्वेल न्यूयॉर्क जायंट्सकडे (हेच पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेले) गेला आणि त्या रिकाम्या जागेवर आला विन स्कली.

हार्वेलने डेट्रॉइट टायगर्सला जवळजवळ सगळं आयुष्य दिलं, मध्ये १९९१ नंतर त्याला काढलं तेव्हा लोक इतके भडकले की १९९३ ला परत आणावं लागलं. २०१० मध्ये तो गेला तेव्हा टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कमध्ये, अंत्यदर्शनाला दहा हजारांवर लोक आले होते. माझं म्हणणं एवढंच की हे प्रेम एकट्या स्कलींच्या वाट्याला आलेलं नाही. रोज रात्री तोच आवाज, वर्षाला १६२ मॅचेस, लोकांची लग्नं झाली, पोरं झाली, आईबाप गेले आणि तो आवाज तसाच. दुसऱ्या कुठल्या खेळात एवढ्या रात्री मिळतच नाहीत.

---

जुना_श्रोता

टायगर, हार्वेलबद्दल शंभर टक्के सहमत. पण स्कलींचा वारसा कुठे बघायचा म्हणाल तर मी हाइमे हारीनकडे बोट दाखवीन. हारीन डॉजर्सचे स्पॅनिश कॉमेंटेटर, इक्वाडोरमधून आलेले, १९५९ ते २०२२. सुरुवातीच्या वर्षांत स्पॅनिश टीमला बाहेरगावच्या मॅचला पाठवायचे नाहीत, मग ते लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत बसून कानात स्कलींची इंग्लिश कॉमेंट्री ऐकायचे आणि त्यावरून स्पॅनिशमध्ये मॅच उभी करायचे. म्हणजे स्कलींनी जे बघितलं ते स्पॅनिश घरांतही पोचलं. हारीन त्यांना आपले गुरू मानतात. पुढे १९८१ ला वालेन्झुएला गाजला तेव्हा स्टेडियम स्पॅनिश बोलणाऱ्यांनी भरून गेलं, त्याच्या मागे या रेडिओची वीस वर्षं होती. दोघांनाही हॉल ऑफ फेमचा फोर्ड फ्रिक पुरस्कार आहे, स्कली १९८२, हारीन १९९८.

आणि शेवटची मॅच कधी केली माहितीये का? २ ऑक्टोबर २०१६, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. ती तारीख साधी नाही. २ ऑक्टोबर १९३६ ला आठ वर्षांचे स्कली शाळेतून घरी चालले होते, एका लाँड्रीच्या खिडकीत वर्ल्ड सिरीजचा स्कोअर लावलेला दिसला, यँकीज १८, जायंट्स ४. त्यांना हरलेल्या जायंट्सची दया आली आणि ते जायंट्सचे फॅन झाले. बरोब्बर ८० वर्षांनी त्याच जायंट्सच्या मैदानावर माईक खाली ठेवला.

---

पहिला_बेस

काय माणूस होता हो! ॲरनचं पण ऐकलं. त्यात बॉल उंच गेल्यावर स्कली म्हणतात, बकनर मागे मागे कुंपणापर्यंत. हा बकनर म्हणजे तोच का, १९८६ वाला, ज्याच्या पायांमधून बॉल गेला?

---

मधली_फळी

तोच! बिल बकनर. १९७४ मध्ये तो डॉजर्सचा लेफ्ट फिल्डर होता, ॲरनचा बॉल पकडायला कुंपणावर चढलेला. बारा वर्षांनी बॉस्टनकडून फर्स्ट बेसला उभा असताना मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये तो बॉल सुटला, आणि माईकवर तेव्हाही स्कलीच होते. तिथेही मेट्स जिंकले एवढं सांगून ते लांबलचक गप्प बसले. बकनर पुढे कित्येक वर्षं त्या एका चुकीसाठी लोकांच्या शिव्या खात राहिला, पण स्कलींचा आवाज त्या क्षणी त्याला लागेल असं काही बोलत नाही, बॉल कुठे गेला आणि कोण धावत आला तेवढंच सांगतो. टीव्हीचं आहे, तुला रेडिओच हवंय माहितीये, पण हे अपवाद म्हणून ऐक.